वरच्या मुंग्या, खालच्या मुंग्या

घरून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: कांगारू दिसला का गं? दिसतो की. पण डार्विनमध्ये राहायला आलात तर पहिली ओळख मुंग्यांशी होते. ओट्यावर, गाडीत, वाळत घातलेल्या कपड्यांत, सगळीकडे त्याच. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या या सव्हानात एका हेक्टरात मुंग्यांच्या शंभराहून जास्त जाती सापडू शकतात.

सव्हाना म्हणजे काय, हे गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चार महिने हिरवागार, मग शिमग्यापर्यंत करडा पडणारा आपला सडा, म्हणजे चिऱ्याचं उघडं पठार, डोळ्यांसमोर आणा आणि त्यावर विरळ युकॅलिप्टस लावा. मातीसुद्धा तीच, चिऱ्याची, तांबडी. पाऊस मात्र नोव्हेंबर ते एप्रिल, वर्षाला साधारण १७०० मिलिमीटर. आपल्या तीन हजारांपुढे ही नुसती शिंतड, पण इथले लोक त्याचंही भारी कौतुक करतात.

गंमत पुढे आहे. डार्विनहून स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला निघालं की पाऊस कमी कमी होत जातो. कॅथरीनला हजार मिलिमीटरच्या आसपास, टेनंट क्रीकला त्याच्याही निम्म्याहून कमी. साधारण हजार किलोमीटरच्या एकाच रस्त्यावर ओलं ते कोरडं असं सगळं बघायला मिळतं. पावसाचा आणि मुंग्यांचा संबंध तपासायला याहून सोयीची जागा कुठली?

डार्विनमध्ये आंब्याच्या झाडांवर हुमले आहेत. हो, आपलेच, पानं शिवून घर करणारे मुंगळे. जातही तीच, फक्त इथल्यांचं पोट हिरवं असतं. काजूवरच्या ढेकण्या या किडीला हे हुमले आवरतात, हे इथल्या संशोधकांनी बागांमध्ये दाखवून दिलंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग काजू काढायला कोण चढणार?" या हुमल्यांना दाट पानांची झाडं लागतात, म्हणजे पाऊस लागतो. दक्षिणेकडे गेलं की ते दिसेनासे होतात. तिथे उघड्या, तापलेल्या जमिनीवर मेलोफोरस नावाच्या मुंग्यांचं राज्य. जमीन पन्नास अंशांच्या वर तापली, बाकीचे सगळे सावलीला गेले, की या बाहेर पडतात!

मला वाटायचं, पाऊस घटला की मुंग्यांच्या जातीही घटणार. सरळ हिशेब. पण २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पाऊस घटत गेला तरी जमिनीवरच्या जातींची संख्या टिकून राहते. कारण ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच मुंग्या मुळातच ऊन आणि कोरडेपणा मानवणाऱ्या. जास्त पावसाने झाडी दाटते, सावली वाढते, आणि ऊन आवडणाऱ्यांची तिथे उलट अडचण होते. यादी तेवढीच लांब राहते, नावं तेवढी बदलतात.

ही सगळी कथा वरच्या मजल्याची. मातीतल्या मुंग्या हा वेगळाच कारभार आहे. आमच्या शेजारी माती आणि किड्यांवर काम करणारा एक मुलगा राहतो. वरच्या मुंग्यांसाठी तो प्लास्टिकचे पेले जमिनीच्या पातळीला पुरतो, चालत आलेली मुंगी आत पडते. पण कधी वर येतच नाही तिला कसं पकडणार? तिच्यासाठी भोकं पाडलेली नळी, आत आमिष, आणि ती मातीत खोल गाडायची. सापडतात त्या बहुतेक फिकट पिवळ्या, बारीक, डोळे अगदी बारके किंवा नाहीतच. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर २५ मीटर खोल बोअरमध्ये जाळी सोडली तेव्हा एक नवी आंधळी मुंगी मिळाली. २०२४मध्ये हॅरी पॉटरमधल्या खलनायकावरून तिचं नाव ठेवलं लेप्टानिला व्होल्डेमॉर्ट. बारशाला कोण होतं देव जाणे.

खाली ऊन पोचत नाही. हातभर खोलीवर दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, आणि पाऊस तिथे पोचतो तो ओल म्हणून, उशिरा आणि मुरून. ऑक्टोबरातली पहिली सर वरच्या मुंग्यांची धावपळ उडवते; खाली तिचा पत्ताही नसतो. जानेवारीत माती तुडुंब भिजते तेव्हा पंचाईत उलटी, श्वासापुरती हवा उरत नाही. म्हणून एकाच ठिकाणी, एकाच पावसात, वरच्या आणि खालच्या मुंग्यांचं वेळापत्रक जुळत नाही. नुसत्या वरच्या मुंग्या मोजून 'इथे मुंग्यांचं बरं चाललंय' असं म्हणणं मला तरी अर्धवट वाटतं.

आपल्याकडेही खालच्या मजल्यावर बिऱ्हाडं आहेत. डोरिलस नावाची लाल, आंधळी मुंगी भारतात बटाटा आणि भुईमूग मातीतल्या मातीत पोखरते. शेतकऱ्याला कळतं ते काढणीला. आणि सड्याला आपण 'पडीक' म्हणून मोकळे होतो, चिरे काढतो, बंगले उठवतो.

वाळपईच्या भाच्याला सांगून ठेवलंय: दोन नळ्या घे, भोकं पाड, एक मिरगाच्या आधी सड्यावर पूर, दुसरी दसऱ्याच्या सुमारास, आणि काय मिळतं त्याचे फोटो पाठव. आमिषाला बांगड्याचा तुकडा चालेल म्हटलं. त्याचा मेसेज आला, "मावशे, कच्चो घालूं काय भाजून?"

कच्चाच घाल रे. आणि वर जड दगड ठेव, मांजरं उकरतील.