गरम झाली की सुरू न होणारी पिकअप

कांद्याच्या हंगामात आमच्या डिझेल गाड्यांच्या पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानासमोर सकाळपासून गाड्या उभ्या असतात. त्या दिवशी लासलगावकडून आलेल्या पिकअपचा ड्रायव्हर उतरला, पण इंजिन बंद करायला तयार होईना. "भाऊ, आत्ता बंद केली तर तासभर सुरू होणार नाही. लिलावाच्या रांगेतसुद्धा चालूच ठेवतो." सकाळी थंड असताना मात्र गाडी हाफ सेल्फला उचलायची. दुसऱ्या एका गॅरेजने पंपाचं निदान करून हाय प्रेशर पंप बदलला होता. मालकाचे भरपूर पैसे गेले आणि दुखणं तसंच राहिलं.

जुन्या गाडीत पंपच सगळा कारभार बघायचा. किती डिझेल मारायचं आणि कधी, ते त्याच्या प्लंजरवर, म्हणजे आतल्या दट्ट्यावर ठरायचं. या पिकअपसारख्या कॉमन रेल गाडीत पंपाचं काम फक्त दाब तयार करण्याचं. डिझेल रेलच्या जाड नळीत साठतं आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा कुठला इंजेक्टर केव्हा, किती वेळ उघडायचा ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. सेल्फ मारताना रेलमध्ये पुरेसा दाब, साधारण 200 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास, आला नाही तर ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. मी इंजिन बंद करायला लावलं, स्कॅनर जोडला आणि सेल्फ मारायला सांगितलं. दाब 120 च्या पुढे सरकेना.

तेवढ्यात आमचा नवा पोरगा पाना घेऊन पुढे झाला. डिझेल येतंय का ते बघायला इंजेक्टरचा नट ढिला करायची जुनी सवय. मी त्याचा हात धरला. आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, इथे अडीच-तीनशे बार दाब असतो, लोडवर 1600 च्या घरात जातो. ती धार हातमोजा आणि कातडी दोन्ही फोडून आत शिरते. बाहेरून नुसती सुई टोचल्यासारखी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो. आत डिझेलने मांस मरत जातं आणि बोट कापायची वेळ येते. असं कुणाला झालं तर मलम लावत बसू नका, थेट सर्जनकडे न्या. हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

मग चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या, म्हणजे जास्तीचं डिझेल परत टाकीकडे नेणाऱ्या नळ्या, काढून तिथे मापाच्या बाटल्या लावल्या. सेल्फ मारला. तीन बाटल्यांचा नुसता तळ ओला झाला, तिसऱ्या सिलिंडरची बाटली बघता बघता भरत आली.

या इंजेक्टरमध्ये सुईच्या खाली आणि वर दोन्हीकडे रेलचाच दाब असतो, पण वरून तो जास्त जागेवर पडतो, म्हणून सुई बंद राहते. वरच्या बाजूला मोहरीएवढी स्टीलची गोळी एक सूक्ष्म भोक अडवून बसलेली असते. ईसीएमने करंट सोडला की गोळी उचलते, वरचा दाब पडतो, सुई उठते आणि डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं जातं. गोळीखालची सीट, म्हणजे ती टेकते ती जागा, झिजली की सगळा दाब तिथून रिटर्नला पळतो. थंड डिझेल जरा घट्ट असतं, म्हणून सकाळी निभावतं; गरम डिझेल पातळ होऊन भराभर निसटतं.

इंजेक्टर खोलून मायक्रोस्कोपखाली धरला. सीटवर एक चकचकीत चर पडलेला, गोळीवरही त्याच जागी ओरखडा. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला केला तर आधी पाणीच आलं; सीट खाणारं दुखणं हेच. डिझेल कुठून भरता म्हणून विचारलं. मालकाच्या शेतावर उघड्यावर उभा ड्रम, त्यातून.

उरलेले तीन इंजेक्टर बेंचवर, म्हणजे आमच्या तपासणी मशीनवर तपासले, मापात निघाले. तिसऱ्याला नवा व्हॉल्व्ह सेट आणि नोझल टाकून कॅलिब्रेशन केलं, त्याच्या मापाचा नवा कोड ईसीएममध्ये भरला, तांब्याचा वॉशर बदलला. गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणली आणि बंद केली. चावी फिरवताच उचलली. ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघितलं.

आधीच्या गॅरेजने काढलेला जुना पंप त्याने गाडीतल्या सीटखाली जपून ठेवला होता. तोही बेंचवर चढवला. दाब पूर्ण, गळती नाही. मी रिपोर्ट लिहून दिला आणि मालकाला फोन लावला: पंप चांगला आहे, विकू नका, आणि तो ड्रम आजच रिकामा करा.