फोनवरून मनाची विचारपूस: बडोद्यातल्या मराठी घरांसाठी

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांत नात मराठी फडाफडा बोलते, पण डोळ्यांना सवय गुजराती लिपीची. आजीला देवनागरी येते, पण मोबाइलवरचा फॉर्म भरायला नातवाला हाक मारावी लागते. नैराश्याच्या पाहणीची लिंक दोघींना पाठवून बघा. नात कंटाळून सोडून देते आणि आजीची उत्तरं नातू भरतो. म्हणून अशा घरांसाठी साधा फोन कॉल आम्हाला सगळ्यात भरवशाचा वाटतो. व्हिडिओसुद्धा नको.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली फोनवर छान चालते. गेल्या 2 आठवड्यांबद्दल 9 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण जास्तीत जास्त 27. खरा फायदा इथेच आहे: प्रश्न फक्त कानात ऐकू येतो आणि उत्तर म्हणजे नुसता आकडा. शेजारी सासूबाई भाजी निवडत बसल्या असल्या तरी ‘दोन’ म्हणजे काय, ते त्यांना कळत नाही. अट एकच, स्पीकर बंद हवा. आपोआप येणाऱ्या, बटणं दाबायला लावणाऱ्या कॉलमध्ये नेमकं हेच बिघडतं. बटण दाबायला फोन कानापासून दूर जातो, पुढचा प्रश्न निसटतो, मग माणूस स्पीकर लावतो आणि प्रश्न घरभर ऐकू जातो.

आधी मेसेज जावा, आणि दर वेळी कॉल त्याच नंबरवरून यावा. त्या मेसेजमध्ये ‘मानसिक’ हा शब्द नको, कारण लॉक असलेल्या स्क्रीनवरही तो दिसतो. कॉलवर मात्र पाहणी कशाची आहे, ते पहिल्याच मिनिटाला स्पष्ट सांगायचं आणि संमती रेकॉर्ड करायची. ‘आत्ता बोलायला मोकळ्या आहात का?’ असं विचारायचं, म्हणजे हो-नाहीवर भागतं. प्रश्न अडला तर तोच शब्दशः पुन्हा वाचायचा. कॉल करणाऱ्यांपैकी एकीने मराठीत आणि दुसरीने गुजरातीत आपापल्या परीने समजावलं, तर आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 1 जरी आला, तरी प्रशिक्षित माणसाने त्याच दिवशी बोललंच पाहिजे. त्यासाठी माणूस आत्ता कुठे आहे आणि गरज पडली तर कुणाला कळवायचं, हे सुरुवातीलाच विचारून ठेवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो प्रत्येकाला द्यावा, गुण कितीही येवोत.

लोकांच्या फोन नंबरांची यादी वेगळी ठेवायची आणि उत्तरं वेगळी, मध्ये फक्त सांकेतिक क्रमांक. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्या घरी जावंच लागतं. उत्तर फोनवर मिळालं की समोरासमोर, तेही नोंदवायचं. माणूस दोन्हीकडे सारखाच मोकळा होतो असं नाही.

उत्तरं देणाऱ्या बाईंचं मानधन यूपीआयने पाठवलं तर बऱ्याचदा मुलाच्या खात्यात जातं आणि ‘हे कसले पैसे?’ सुरू होतं. कसं हवं ते बाईंनाच विचारावं.