गिनी स्प्रिंग्ज, नोंद ९: हातचा राहिला होता

परवाच्या शनिवार-रविवारी पुन्हा पाण्याखालच्या गुहेत डाइव्ह करायला फ्लोरिडात हाय स्प्रिंग्जला जाऊन आलो. अटलांटाहून गाडीने पाचेक तास. डेव्हिल्स इअर या गुहेच्या तोंडातून आत, ३२ टक्के नायट्रॉक्स (म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन असलेला श्वासाचा गॅस), खोली जास्तीत जास्त ३० मीटर, सोबत एक स्टेज टाकी (वाटेत ठेवायची जादा टाकी) आणि परतीच्या वाटेवर ६ मीटरला ठेवलेला ऑक्सिजन. डाइव्ह सरळ झाली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. खरी गडबड आदल्या आठवड्यात गॅसच्या हिशोबाच्या वहीत सापडली, म्हणून ही नोंद.

तृतीयांशाचा नियम गुहेत उतरणाऱ्या आपल्या सगळ्यांना पाठ आहे: गॅसचा एक वाटा जायला, एक यायला, एक बडीसाठी, म्हणजे सोबतच्या जोडीदारासाठी. गुहा-डाइव्हर शेक एक्सलीने १९७०च्या दशकात फ्लोरिडातल्या गुहांमधले मृत्यू एकेक करून तपासले, तेव्हा बाहेरपर्यंत सलग दोरी नसणं आणि परतीला गॅस न उरणं ही कारणं पुन्हा पुन्हा पुढे आली. नियम तिथून रुजला. मीही आजवर तो डोळे झाकून लावत होतो.

माझ्या पाठीवरच्या जोड टाक्या ८५ घनफुटांच्या. दोन्ही मिळून २६ लिटर, १८० बार दाबाला ४६८० लिटर गॅस. तीन वाटे केले की प्रत्येकी १५६०. समजा, अगदी आतल्या टोकाला बडीचा सगळा गॅस गेला. माझ्याकडे उरले ३१२०, त्यात दोघं बाहेर. हिशोब चोख बसतो. पण कुठपर्यंत? दारापर्यंत! दारात पोचलो तेव्हा काटा शून्यावर आणि डेको (वर येण्याआधी उथळ पाण्यात थांबून अंगात मुरलेला गॅस बाहेर पडू देणं) तर सगळा बाकी.

तासाभराच्या तळवेळेला (आत खोलवर घालवलेल्या वेळेला) माझा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर (डेकोचं सूत्र बुलमन झेडएचएल-१६सी, सावधगिरीचा ग्रेडियंट फॅक्टर ४०/८०) ऑक्सिजनवर १३ मिनिटं मागतो. ऑक्सिजन हाताशी नसेल, तर बॅक गॅसवर, म्हणजे पाठीवरच्या टाक्यांवर, २५. हे माझे आकडे, कृपया उचलू नका. तर ती २५ मिनिटं तृतीयांशात कुठेच नव्हती. ‘ऑक्सिजन आहे की’ एवढ्या भरवशावर मी डेको सोडून दिला होता. ऑक्सिजनचा रेग्युलेटर नेमका त्याच दिवशी फ्री-फ्लो झाला, म्हणजे सगळा गॅस आपोआप वाहून गेला तर?

मग शाळेतल्यासारखा हातचा आधी बाजूला काढला. मिनिटाला १८ लिटर श्वास, ६ मीटरला दाब १.६ बार, २५ मिनिटं: ७२० लिटर. उरलेल्या ३९६० चे तीन वाटे, प्रत्येकी १३२०. म्हणजे ६० बारऐवजी ५० बार वापरले की मागे फिरायचं. आता बडीला घेऊन बाहेर आलो तरी एकाच्या डेकोपुरता बॅक गॅस उरतो, दुसरा ऑक्सिजनवर. स्टेजचं गणित वेगळं मांडलंय, ते इथे घुसडत नाही.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. बडीच्या टाक्या १०४च्या, दोन्ही मिळून साधारण ३२ लिटर. आम्ही दोघंही ‘८८० पीएसआय वापरले की वळायचं’ म्हणायचो (पीएसआय हे दाबाचं इथलं एकक). काटा सारखा, पण गॅस? त्याचे ८८० म्हणजे १९६० लिटर. तो तेवढं आत आलाय, म्हणजे बाहेर जायलाही त्याला तेवढंच लागणार. माझे १५६० धरून ३५२० होतात आणि माझ्याकडे आहेत ३१२०. चारशे लिटर कमी, ३० मीटरला दोघांची जेमतेम तीन मिनिटं. त्यामुळे या वेळी मी ७०० वर आणि तो ६०० वर असं ठरलं. ‘मोठ्या टाक्या काय शोभेला बाळगायच्या?’ म्हणून तो जरा कुरकुरला.

कुणी म्हणेल, गिनीत प्रवाह बाहेरच्या दिशेने आहे, येताना तोच ढकलतो. खरंय. पण तो मी हिशोबात धरत नाही. आणि तोच प्रवाह आत जाताना काय वसूल करतो तेही पाहा: तलावात माझा श्वास मिनिटाला १५ लिटर भरतो, इथे गुहेतल्या कीहोल नावाच्या जागेपर्यंत खडकाला धरून स्वतःला ओढत नेताना २१ लागला. तलावातला आकडा वहीत लिहिणं आता बंद.

शनिवारी मागच्या खेपेपेक्षा तीन बाण (दोरीवरच्या वाट दाखवणाऱ्या खुणा) अलीकडूनच वळलो. तळवेळ ५२ मिनिटं, ऑक्सिजनवर १०. ऑक्सिजनच्या विषारीपणाचा हिशोब: १.२८ बारला ५२ मिनिटं म्हणजे त्या दाबाला चालणाऱ्या १८० मिनिटांपैकी २९ टक्के, १.६ बारला १० मिनिटं म्हणजे ४५ पैकी २२. एकूण पन्नाशीच्या आसपास. चालेल.

इअरच्या तोंडाशी अडकलेल्या खोडाला धरून थांबलो होतो तेव्हा डोक्यावर सांता फे नदीचं कोऱ्या चहासारखं पाणी आणि खालून उसळणारं झऱ्याचं निळं, काचेसारखं. दोन्ही भिडतात तिथे तपकिरी धागे वळवळतात. पाणी २२ अंश, पण दहाव्या मिनिटाला बोटं आखडतातच.

आता लेबलचा एक किस्सा. ऑक्सिजनच्या टाकीवर मी चिकटपट्टी लावून ‘६’ लिहितो, इथले लोक फुटात ‘२०’ लिहितात. भरून आणलेल्या टाकीवर कुणीतरी मोठ्ठा ‘२०’ काढून ठेवला होता. मीटरमध्ये विचार करणाऱ्या माझ्यासारख्याने अर्धवट झोपेत तो मीटर म्हणून वाचला, तर २० मीटरला शुद्ध ऑक्सिजनचा दाब ३ बार. पट्टी तिथेच खरवडून काढली, ॲनलायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजायचं यंत्र) लावला आणि नव्या पट्टीवर लिहिलं: ‘६ मीटर’. ‘मीटर’ अक्षरांत.

पुढची खेप दिवाळीनंतर. बडीलाही ८५च्या टाक्या घ्यायला लावायचा बेत आहे, त्याच्या पाठदुखीचं निमित्त करून.