नाही म्हटलेल्यांची वही

ती आली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. बरोबर दोन मुली, एक मुलगा आणि जुन्या साडीत बांधलेलं विड्या वळायचं सूप. बोलण्यात तेलुगू जास्त, मराठी थोडं. "अक्का, एक रात," एवढंच म्हणाली. मी मुलाचं वय विचारलं. तेरा. आमच्या निवाऱ्याचा नियम, मुलगा बारा वर्षांपर्यंतचाच. मी तिला दुसऱ्या संस्थेचा नंबर दिला. तो कागद न बघताच ती म्हणाली, "तिकडूनच आले."

मी सोलापुरात महिलांच्या एका निवाऱ्यात काळजीवाहक आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी नोंदवही उघडली तर तिची कुठे खूणही नव्हती. आमच्या वहीत आत आलेल्यांचीच नावं लिहिली जातात. दारातून परत गेलेल्यांना रकानाच नाही.

पुढे एका प्रशिक्षणात चहाच्या वेळी मी हे बोलून दाखवलं, तेव्हा दुसऱ्या संस्थेच्या ताईंनी विचारलं, "सूप होतं का तिच्याकडे?" त्यांच्याकडे ती आमच्या आधी गेली होती. आधार कार्ड नाही म्हणून त्यांनी घेतलं नव्हतं. पुरुषांचा निवारा चालवणारे दादा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, मुलाला आम्ही ठेवून घेतो म्हटलं, पण आई त्याचा हात सोडेना. एकाच संध्याकाळी तीन दारं, आणि तिन्ही ठिकाणचा नियम कागदावर बरोबर.

तिथून आम्ही चार संस्था एकत्र बसायला लागलो. हे सोपं गेलं नाही. अनुदान एकच, मागणारे चार, त्यामुळे एकमेकांबद्दल मनात अढी होती. नकाराची नोंद ठेवायची म्हटल्यावर तर दोघांनी सरळ सांगितलं, "उद्या तपासणी आली की हेच आमच्या अंगाशी येईल." ती भीती खोटी नव्हती. शेवटी ठरलं की वही चौघांची एकच, त्यात संस्थेचं नाव नाही आणि बाईचंही नाही. फक्त वय, सोबत कोण, जागा का दिली नाही आणि पुढे कुठे पाठवलं. पहिली ओळ मी आठवून मागच्या तारखेची लिहिली: विडी कामगार, दोन मुली, मुलगा १३. कारण, मुलगा मोठा. 'पुढे कुठे' या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

तीन महिन्यांनी वही सगळ्यांसमोर वाचली. दारू पिऊन आलेली, भांडखोर, अशी कारणं निघतील असं मला वाटलं होतं. पण पानापानावर दोनच गोष्टी होत्या: मुलगा मोठा, नाहीतर नवरा सोबत.

मग रात्री फिरायला लागलो, कारण जी आमच्या दारापर्यंत येतच नाही तिची नोंद वहीत कुठून येणार? बाई सहसा फुटपाथवर, उघड्यावर झोपत नाही. ती सिव्हिलच्या आवारात पेशंटची नातेवाईक होऊन बसते, स्टेशनवर प्रवासी होऊन. एक मावशी बाकावर पिशवी मांडीवर धरून ताठ बसलेल्या. "कुठं निघालात?" "सकाळची पुण्याची हुतात्मा गाडी पकडायचीय." दोन दिवसांनी तोच बाक, तीच पिशवी, तेच उत्तर. आम्ही तिकिटाचं विचारलं नाही, चहा दिला. तिसऱ्या खेपेला त्या स्वतःच बोलल्या, पुण्यात आपलं कुणी नाही. पहिल्यांदा आम्हाला बघून त्या घाबरल्या होत्या, भीक मागते म्हणून उचलून नेतील असं वाटलं त्यांना. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा त्यांनी वाचलेला नाही, पण त्याची भीती रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मात्र आम्ही पाहणी थांबवली. होम मैदानावर तेव्हा पाळणेवाले, खेळणीवाले कुटुंबासकट मुक्कामाला असतात. त्यांना बेघर धरलं असतं तर आमच्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

कुटुंबांसाठी निवारा मागायच्या निवेदनाचा पहिला मसुदा अकरा पानी झाला. एका वकील ताईंनी तो हातात तोलून परत दिला. "एक पान करा. आणि दया मागू नका, नियम दाखवा." नियम होताच. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या बेघर निवारा योजनेनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय हवी होती, माणशी ५० चौरस फूट. कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याची तरतूदही त्यातच होती. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८. म्हणजे साडेनऊशे जागा झाल्या. हिशेब लहान मुलालाही जमेल असा आहे, पण तोवर आमच्यापैकी कुणी तो मांडलाच नव्हता.

कार्यालयांचे हेलपाटे झालेच. एका टेबलावर सांगितलं, महिलांचा विषय आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले, बेघर हा शहराचा विषय. एकेकटे जायचो तेव्हा तिथूनच परत यायचो. चौघं मिळून गेलो आणि दोन्हीकडच्या साहेबांची एकत्र बैठक मागितली, तेव्हा तारीख मिळाली. असं काम करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोहोच घेतल्याशिवाय निवेदन देऊ नका. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवाच. आमचं एक निवेदन 'मिळालंच नाही' म्हणून दोन महिने वाया गेले.

आधारचा प्रश्न त्याआधी आमच्याच हातून सुटला. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात, फोटो लावून दिलेलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. ते तीनच महिने ग्राह्य असतं, म्हणून केंद्राची वेळ आधी घ्यायची आणि सही नंतर. आता आधार नाही म्हणून आमच्या चौघांपैकी कुणी बाईला परत पाठवत नाही.

कुटुंबांच्या कायमच्या निवाऱ्याचा लेखी आदेश अजून आलेला नाही. बैठका चालू आहेत, आम्ही जातो. तोवर एका संस्थेने आपल्या हॉलच्या टोकाला देणगीतून प्लायवूडच्या दोन खोल्या केल्या. रोज संध्याकाळी सातला कुठे किती जागा आहे ते चौघं ग्रुपवर टाकतो. सूपवाली बाई पुन्हा दिसली नाही. अशोक चौकाकडे, विडी कारखान्यांच्या दारात, मी तिची चौकशी करत असते.

गेल्या गुरुवारी आमच्या दारात नवरा, बायको आणि दोन मुलगे आले, थोरला चौदाचा. मी ग्रुपवर विचारलं आणि त्यांना रिक्षात घालून तिकडे घेऊन गेले. थोरल्याने खोलीची कडी आतून लावून बघितली, काढली, परत लावली. आईने भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट दारातून आत ओढून घेतलं. दुसरी खोली रिकामीच होती. तसं मी ग्रुपवर टाकलं.