माठ वाजवावा तसं चाक

एप्रिल लागला की आई मला घेऊन कुंभाराकडं जायची. सोलापूरच्या उन्हात माठाशिवाय भागायचं नाही. ती माठाच्या रंगाकडं बघायची नाही, बोटाच्या पेरानं वाजवायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला की बाजूला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग बनवतो. परवा नव्या पोराच्या हातून ग्राइंडरचं आठ इंची कोरं चाक फरशीवर पडलं. त्यानं ते पुसलं आणि बसवायला निघाला. "कुठं चीर दिसतीय काका? चांगलं हाय की."

मी चाक बोटावर टांगलं, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं काठाजवळ हलकेच ठोकलं. थोडं फिरवून पुन्हा ठोकलं. दोन्ही वेळा बद्द.

हे चाक माठाचंच भाऊबंद. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे, त्यांना धरून ठेवणारी माती आणि फेल्डस्पार नावाचं खनिज, सगळं भट्टीत भाजलेलं. दाणा पोलादाला खातो इतका कठीण, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे, हे पोरांना पटवणं फार अवघड जातं. लोखंडात चीर पडली तर तिच्या टोकाशी धातू थोडा ताणतो, वाकतो, चीर बोथट होते. भाजलेल्या मातीला आणि काचेला वाकणं माहीतच नाही. सगळा ताण चिरेच्या टोकावर एकवटतो. काच हिशेबापेक्षा इतकी लवकर का फुटते, याचं उत्तर ग्रिफिथ या इंग्रज इंजिनियरनं १९२१ च्या निबंधात याच बारीक चिरांमध्ये शोधलं.

दाबलं तर ही जात प्रचंड सोसते, ओढलं की हरते. आणि फिरणारं चाक स्वतःलाच बाहेर ओढत असतं. आठ इंची चाक मिनिटाला २८०० फेरे घेतं तेव्हा काठाचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर होतो. वेग दुप्पट झाला तर ताण चौपट. त्या वेगानं सुटलेला तुकडा तोंडासमोर यायला नको. म्हणून धडक्या चाकालाही बसवल्यावर मी मिनिटभर रिकामं फिरवतो आणि सगळ्यांना बाजूला उभं करतो. दोन्ही बाजूंचे कागदी गोल कुणी काढले तर मात्र मला राग येतो. फ्लँजचा, म्हणजे चाक दोन्हीकडून आवळणाऱ्या तबकड्यांचा, दाब सगळीकडं सारखा पडावा म्हणूनच ते असतात.

कटिंगच्या पातळ रेझिनच्या चकत्या मात्र अशा वाजत नाहीत, त्यांना ही परीक्षा लावू नये.

पडलेलं चाक मी हातोड्यानं फोडलं, पुन्हा कुणी बसवू नये म्हणून. पोरानं दुसरं काढलं. शेजारच्या मागांच्या खडखडाटात त्याला नीट ऐकू येईना, तेव्हा चाक घेऊन तो मागच्या खोलीत गेला, दार लावलं आणि वाजवलं.