मायचा मिस कॉल

कार्तिकात माय न्हाणीत पाय घसरून पडली. दिवेलागणीची वेळ होती. चार तास तशीच पडून राहिली. शेजारची काकू विरजण मागायला आली, तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही हे नशीब. आमचं घर आर्वी तालुक्यात, मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. नागपूरला चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "तुह्या त्या खुराड्यात माहा जीव घाबरते."

मग सगळे करतात तेच मीही केलं. कॅमेरा लावला. आठव्या दिवशी मोबाइलवर नुसता अंधार. फोन केला तर म्हणते, "टोपलं ठेवलं त्याच्यावर. न्हाऊन आल्यावर पातळ नेसाले का मी वावरात जाऊ?" यावर काय बोलणार! हाताला बांधायचं घड्याळ दिलं, तर "महागाचं हाय, हरपन" म्हणून ते गव्हाच्या कोठीत गेलं.

तेव्हा ठरवलं, तिला काही घालावं लागणार नाही, दाबावं लागणार नाही आणि तिचं चित्र कुठे जाणार नाही, असंच काहीतरी करायचं. सीताबर्डीतून पीआयआर सेन्सर आणले, सार्वजनिक संडासात आपण शिरलो की दिवा लावतात ना, तेच. तीन खोल्यांत तीन. ३ तास हालचाल नाही तर मला मेसेज. हिवाळाभर झकास चाललं. मी मित्रांना फुशारक्या मारत फिरलो.

मे उजाडला आणि सगळं बिघडलं. एका रात्री दीड वाजता मेसेज: हालचाल नाही. घाबरत काकूंना उठवलं. माय अंगणात बाजेवर घोरत होती. उन्हाळ्यात आपल्याकडे घरात झोपतं कोण? लहानपणी मीही तिथेच झोपायचो, पण प्रोग्राम लिहिताना हे डोक्यात आलं नाही. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी तेच. माय तर स्वयंपाकघरात सेन्सरच्या समोर बसून सांडगे घालत होती.

दोन रविवार डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. या सेन्सरला माणूस दिसत नाही. अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यांतला फरक सरकला, तर त्याला कळतं. थंडीत भिंत २० अंशांवर आणि मायची कातडी ३३-३४ वर, म्हणजे फरक भरपूर. आमच्या टिनाच्या छताखाली मेमध्ये भिंतच तेवढी तापते, मग त्याच्या लेखी माय आणि भिंत एकच. वरून कूलरच्या वाऱ्याने पडदा हलला की रिकाम्या खोलीतही हालचाल. म्हणजे असते तेव्हा नाही म्हणायचं आणि नसते तेव्हा आहे.

जपानात झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये चहापाण्याच्या विजेच्या किटलीतून मला हवं तेच साधलं होतं. म्हाताऱ्या माणसाने किटली वापरली की ते मुलांना कळायचं. पाळत बाईवर नाही, किटलीवर. मायचा चहा पातेल्यात होतो, त्याला वायर कुठे जोडणार? पण तिचंही एक काम चुकत नाही. साडेपाच-सहाला पुढचं दार उघडून सडा टाकणं.

दाराच्या फळीला चुंबक आणि चौकटीला रीड स्विच लावला. काचेच्या नळीत धातूच्या दोन पट्ट्या असतात, चुंबक जवळ असला की चिकटतात, दूर गेला की सुटतात. उन्हाचा त्याला फरक पडत नाही. आणि सगळा हिशेब उलटा केला. गडबड झाली तर कळव, असं नाही. सकाळचं दार उघडलं की मला मिस कॉल दे. ८ पर्यंत मिस कॉल नाही तर मी मायला फोन करतो, तिने नाही उचलला तर काकूंना. लाइट गेली, बॅटरी बसली, रेंज गेली, मिस कॉल देणारा डबाच जळला, तरी कुणीतरी जाऊन बघतंच. शिवाय मिस कॉलला पैसे लागत नाहीत.

डब्याने मात्र घाम काढला. त्यातलं कॉल लावणारं सिमचं मॉड्यूल २जीवालं; मायच्या फोनमधलं नुसतं ४जीवर चालणारं सिम त्यात चालेना, दुसरं घ्यावं लागलं. कॉल लावताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं, साध्या चार्जरवर तिथेच मान टाकायचं. लिथियम सेल आणि एक मोठा कपॅसिटर लावल्यावर सुधारलं.

राहिली न्हाणी, जिथून हे सुरू झालं. एकटी बाई आतून कडी लावत नाही, आणि कोंबड्या शिरू नयेत म्हणून दार बाहेरून कायम ओढलेलं. दाराचा उपयोग नव्हता. पण बिलाच्या धाकाने माय बल्ब एक मिनिट जास्त जाळत नाही. बल्बजवळ एक उजेड ओळखणारा एलडीआर चिकटवला, दहा रुपयांच्या आतला. अंधार पडल्यावर बल्ब ४० मिनिटं जळत राहिला तर मला आणि काकूंना फोन. दिवसा ती तिथे पडली तर हा डबा आंधळाच आहे. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

शेवटी मायने स्वतःच एक मागणी केली. सप्ताहाला, बहिणीकडे जाते तेव्हा "थ्या डब्ब्याले बंद कराचं बटन दे." खटका बसवून दिला. तो पाडला की मला दोन मिस कॉल, म्हणजे माय गावाला.

होळीच्या आधी एका दुपारी दोन मिस कॉल आले. फोन लावला, कुठे निघाली विचारलं.

"कुठीच नाही. तीन दिस झाले, तुहा फोन नाही. खटका पाडला का येते, मले मालूम हाय. तुरीची डाय भरडून ठेवली, न्याले ये."