पोमोनातला तडा गेलेला ब्लॉक

लॉस एंजेलिसला गेलेली माणसे हॉलिवूड पाहतात, डिस्नीलँड पाहतात आणि सांता मोनिकाच्या धक्क्यावर फोटो काढून परत येतात. हे सगळे मीही केले आणि त्याविषयी मला काही सांगायचे नाही. मुलीकडे जायचे ठरले तेव्हापासून माझ्या डोक्यात त्या शहराच्या आसपासची जुनी स्पीड शॉप्स घोळत होती. जुन्या फोर्ड गाड्या मूळच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात पळवण्यासाठी लागणारे मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडलेल्या हवेच्या नळ्या), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) विकणारी, आणि ते कसे बसवायचे हे गिऱ्हाइकाला काउंटरवरच समजावून सांगणारी ही दुकाने होती. ज्याचा जन्म पुण्यात इंजिनांचे झिजलेले सिलिंडर कोरून (रीबोअर) आणि क्रँक घासून (ग्राइंड) नीट करण्यात गेला, त्याला अशा जागांची ओढ वाटणारच. पण हे घरच्यांना पटवून देण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला आहे.

सुरुवात लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकच्या ऑलिव्ह अव्हेन्यूपासून केली. ॲलेक्स झिडियस हा तरुण लष्करी विमानदलातून ज्या दिवशी मोकळा झाला, त्याच दिवशी, म्हणजे 3 मार्च 1946 रोजी, त्याने या रस्त्यावर सो-कॅल स्पीड शॉप उघडले. पुढे ते जवळच्याच व्हिक्टरी बुलेव्हार्डवर, तयार सांगाडा आणून उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये गेले. या एवढ्याशा दुकानाचे नाव जगभर झाले ते तिथल्या शर्यतीच्या गाड्यांमुळे. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध गाडी पी-38 लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायच्या इंधनटाकीतून बनवलेली होती. सुमारे 1,200 लिटरची, पुढे-मागे निमुळती होत गेलेली ती टाकी युद्ध संपल्यावर भंगारात मिळू लागली होती. अशा टाकीत इंजिन, चाके आणि चालक बसवण्याची कल्पना मुळात बिल बर्क याची. पॅसिफिकमधील युद्धात असताना त्याने या टाक्या पाहिल्या आणि 1946 मध्ये पहिली गाडी बांधली. झिडियसच्या टाकीने 1952 मध्ये युटातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी सुमारे 198 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 319 किलोमीटरचा वेग गाठला. ज्यांनी आयुष्यभर इंजिने उघडली आहेत त्यांना हा आकडा वाचून थोडा वेळ बसून राहावेसे वाटेल.

मी ऑलिव्ह अव्हेन्यूवर भर उन्हात दोन्ही बाजूंनी चाललो, जावई गाडी घेऊन माझ्या मागे मागे आले, आणि मला त्या दुकानाची एकही खूण दिसली नाही. पुण्यात जुना वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत झाली तरी ‘येथे अमुक राहत होते’ अशी निळी पाटी भिंतीवर सापडते. इथे मात्र रुंद रस्ता, सावली नसलेला पदपथ आणि गाडी लावण्याच्या नियमांच्या इतक्या पाट्या की त्या वाचण्यासाठी वेगळी सुट्टी काढावी. दुकान 1961 मध्येच बंद झाले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मन खट्टू झाले. त्याच नावाने 1997 मध्ये पीट शापुरिस यांनी पोमोनात नवे दुकान काढले, पण तो नंतरच्या पिढीचा, बऱ्याच मोठ्या भांडवलाचा मामला होता.

ही दुकाने याच भागात का निघाली, याचे उत्तर डोंगरापलीकडच्या वाळवंटात आहे. म्युरॉक, एल मिराज ही तिथली कोरडी तळी सपाट आणि टणक असल्यामुळे 1930 च्या दशकात पोरे तिथे गाड्या पळवायला जात. त्यांना शिस्त लावण्यासाठी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. म्युरॉक पुढे सैन्याने घेतले आणि आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. दुसरे कारण हेन्री फोर्डचे. 1932 मध्ये त्याने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-8 इंजिन (चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरप्या रांगांचे) घातले, 221 घनइंचांचे आणि 65 अश्वशक्तीचे. काही वर्षांतच या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागल्या. युद्धानंतर विमानांच्या कारखान्यांतून आणि लष्कराच्या वर्कशॉपमधून तयार झालेले हात घरी परतले, आणि मग दुकानांना गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. त्याआधीची दुकानेही होती; बेल या उपनगरात जॉर्ज वाइट यांनी 1920 च्या दशकात सुरू केलेल्या बेल ऑटो पार्ट्सला पुष्कळ लोक पहिले स्पीड शॉप मानतात. वाइट यांच्यानंतर रॉय रिक्टर यांनी ते चालवले, आणि शर्यतीत मित्र गमावलेल्या या माणसाच्या दुकानातूनच 1954 मध्ये बेल हेल्मेट निघाले.

सांता फे स्प्रिंग्समधील डीन मून यांची जागा मात्र अजून आहे. नॉरवॉक बुलेव्हार्डवरच्या त्या इमारतीवर दोन वटारलेल्या डोळ्यांची खूण लांबूनच दिसते. चाकांवर बसवायच्या सपाट ॲल्युमिनियमच्या तबकड्या ही मून यांची ओळख. कोरड्या तळ्यांवर हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्या लावत, नंतर केवळ रुबाब म्हणून शहरातही लावू लागले. याच जागेत 1962 मध्ये कॅरल शेल्बी यांच्या कोब्रा या वेगवान गाडीच्या पहिल्या नमुन्यात फोर्डचे व्ही-8 इंजिन बसवले गेले. मून 1987 मध्ये वारले, आणि पुढे ही जागा नव्याने नांदती केली ती योकोहामाच्या शिगे सुगानुमा यांनी. अमेरिकेतली आठवण जपानी माणसाने जपली, याचे मला कौतुक वाटले. तिथली माणसे आपुलकीने बोलली. पण टोप्या, मग, किल्लीची कडी आणि टी-शर्ट यांच्या गर्दीत माझ्यासारख्याला मॅनिफोल्डपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि जावयांनी नातवासाठी डोळेवाला शर्ट घेतला तेव्हा गल्ल्यावरचा माणूस ज्या उत्साहाने हलला तो पाहून धंद्याची दिशा माझ्या लक्षात आली. मला याचा राग नाही. भाडे शर्टांवर निघत असेल तर निघो.

त्या शुक्रवारी संध्याकाळी बरबँकच्या बॉब्ज बिग बॉयच्या आवारात गेलो. 1949 मधली ती खानावळ आहे आणि दर शुक्रवारी तिथे जुन्या गाड्या जमतात. गाड्या सुरेख, रंग आरशासारखा, बॉनेट उघडे. परंतु गर्दी इतकी की मालकाशी दोन वाक्ये बोलावीत तर मध्ये कोणीतरी फोन धरून उभा राहतो. मिल्कशेक उत्तम होता.

खरी भेट झाली ती पोमोनात. तिथल्या फेअरप्लेक्सच्या मैदानात काही ठरावीक रविवारी जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा बाजार भरतो. तो पहाटे पाचला उघडतो आणि दुपारी माणसे आवराआवर करू लागतात, त्यामुळे अंधारातच निघावे लागले. याच आवारात वॉली पार्क्स यांच्या नावाचे शर्यतीच्या गाड्यांचे संग्रहालय आहे. ते चांगले आहे, पण काचेपलीकडच्या आणि दोरीपलीकडच्या इंजिनांशी माझे जमत नाही. बाजारात मात्र सगळे हाताला लागते. गंजलेले दरवाजे, दिव्यांच्या काचा, स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटरांच्या राशी, आणि मधूनच ग्रीसचा तो ओळखीचा वास.

एका तंबूखाली लाकडी फळीवर फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-8 इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग, ठेवला होता. मागच्या बाजूला वरच ‘59’ हा उठावदार आकडा बोटांना लागला. युद्धानंतरच्या या ब्लॉकला जाणकार मान देतात. शेजारच्या घडीच्या खुर्चीवर ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. मी काही न विचारता वाकून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, बोट फिरवले, वरची कड तपासली आणि वर पाहिले, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही या धंद्यातले दिसता.” मी हो म्हटल्यावर त्यांनी दुसरी खुर्ची उघडली. त्यानंतरचा सगळा वेळ मी तिथेच होतो.

त्यांनी मला या इंजिनाची खोड दाखवली. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह हेडात नसून सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असतात, आणि जळालेला वायू बाहेर पडण्यासाठी ब्लॉकच्याच पोटातून, पाण्याच्या पोकळीला खेटून जातो. शिवाय एका बाजूला सिलिंडर चार आणि बाहेर पडायची तोंडे तीन. मधल्या दोघांना एकाच तोंडातून वाट काढावी लागते. त्यामुळे फोर्डने दोन पाणीपंप देऊनही हे इंजिन तापण्यासाठी कुप्रसिद्ध झाले. मी त्या मधल्या तोंडात अंगठा घातला. आत ओतकामाची खडबडीत भिंत जाऊन हाताने घासून केलेला गुळगुळीत मार्ग लागला. व्हॉल्व्ह आणि बोअर यांच्यामधली ब्लॉकची पृष्ठेही कोणीतरी उताराने खरवडली होती. तिथल्या भाषेत याला रिलीव्ह करणे म्हणतात. हवा सिलिंडरमध्ये सहज शिरावी हा हेतू. तेवढ्यात शेजारच्या तंबूतले दुसरे वृद्ध येऊन म्हणाले की या खरवडण्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जाते आणि हाती काही लागत नाही. त्यावरून दोघांची जी जुंपली, तिच्यावरून हा वाद आजचा नसावा हे उघड होते. या वादात मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, पण खुर्ची पहिल्यांची होती.

वाद थांबल्यावर पहिल्या गृहस्थांनी पासाडेनाजवळच्या एका दुकानाची गोष्ट सांगितली. शाळेत असताना, 1950 च्या दशकात, वाण्याकडे पोती उचलून साठवलेले पैसे घेऊन ते तिथे कॅमशाफ्ट आणायला गेले. त्यांना ‘फुल रेस’, म्हणजे थेट शर्यतीसाठीचा, कॅम हवा होता, म्हणजे मित्रांमध्ये सांगायला तेच नाव हवे होते. दुकानदाराने पैशांकडे पाहिले नाही. गाडी कोणती, हेड कोणते, गिअर कोणते, सकाळी या गाडीतून आईला कुठे सोडायचे असते का, असे सगळे विचारून घेतले. मग त्याने सांगितले की हा कॅम घातलास तर गाडी सिग्नलला उभी राहताच बंद पडेल, आणि त्याऐवजी कमी दराचा ‘थ्री-क्वार्टर’ कॅम काढून दिला. टॅपेटमध्ये (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या तुकड्यात) किती फट ठेवायची तेही पुठ्ठ्याच्या डब्यावर पेन्सिलीने लिहून दिले. तिथे रोज संध्याकाळी पोरे नुसती उभी राहत, काही विकत न घेताही, आणि कोणी त्यांना हाकलत नसे, हे त्यांनी दोनदा सांगितले.

ही दुकाने का गेली, असे मी विचारले तेव्हा त्यांनी 1955 साल सांगितले. त्या वर्षी शेव्हरोलेने 265 घनइंचांचे छोटे व्ही-8 इंजिन आणले, व्हॉल्व्ह वर हेडात असलेले, हलके आणि आणखी ताकदीला वाव देणारे. फ्लॅटहेडवर जन्मभर शिकलेले ज्ञान बघता बघता जुने झाले. त्यानंतर टपालाने माल मागवणे वाढले. 1964 च्या सुमारास कारखान्यांनीच पाँटियाक जीटीओसारख्या दणकट गाड्या हप्त्यावर द्यायला सुरुवात केली, तेव्हा हात काळे करण्याची गरज कित्येकांना उरली नाही. सुटे भाग बनवणारे मात्र मोठे झाले. कॅम घासणारे एड इस्केंडेरियन 1963 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते, आणि व्हिक एडेलब्रॉक यांचे नाव तर आज जगभर चालते. आमच्याकडेही हेच झाले. पिस्टन बनवणारे टिकले, पिस्टन बसवणारे गल्लीबोळांतून उठले.

मग त्यांनी ब्लॉकची किंमत सांगितली, 300 डॉलर, आणि एका व्हॉल्व्ह सीटकडे, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेकडे, बोट दाखवून तिथे तडा असावा असेही सांगितले. या ब्लॉकना सीटपासून बोअरपर्यंत तडे जातातच. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. मी त्यांच्याकडून थोडे रॉकेल मागून घेतले, सीटभोवती लावले, जरा वेळाने कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि वर खडूची पूड चोळली. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू पुडीत उतरले आणि केसाएवढी काळसर रेघ सीटपासून थेट बोअरच्या आत गेलेली दिसली. दोघेही वृद्ध चष्मे सावरून वाकले. अशा तड्याला आम्ही वेल्डिंग लावत नाही, ओळीने भोके पाडून पेचाच्या खुंट्या एकमेकींत अडकवत शिवत जातो आणि मग बोअरमध्ये लायनर, म्हणजे नवी नळी, घालतो, असे मी सांगितले. तीच पद्धत त्यांनाही ठाऊक होती. फक्त खुंट्या कोणत्या धातूच्या घ्याव्यात यावर आणखी एक वाद झाला.

या गडबडीत विशीतला एक मुलगा मागे येऊन उभा होता. त्याला 1932 च्या फोर्ड गाडीच्या सांगाड्यासाठी इंजिन हवे होते. वृद्धांनी त्याला रेघ दाखवली, लायनरचा खर्च सांगितला, माझ्याकडून शिवण्याची कृती पुन्हा वदवून घेतली आणि किंमत मात्र एका डॉलरनेही उतरवली नाही. मुलाने बराच वेळ डोके खाजवले, मग पैसे मोजले आणि ढकलगाडी आणायला धावला. ब्लॉक चढवताना चौथा हात म्हणून मीही लागलो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर लेकीने विचारले, “बाबा, कमरेचा पट्टा निदान बांधला होतात का?”